मद्याची जाहिरात आणि तरुण मन : इंदूरकडून घ्यावयाचा एक धडा

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा मागे टाकीत सुमारे अडीचशे किलोमीटर गेले की इंदूर लागते. होळकरांची ही जुनी राजधानी मराठी माणसाला परकी नाही. तेथील राजवाडा, अहिल्यादेवींच्या नावाचे विद्यापीठ, मराठी कुटुंबांच्या जुन्या वसाहती, गणेशोत्सवाची परंपरा ही सर्व ओळखीची वाटतात. अलीकडच्या काळात मात्र या शहराची देशभर ख्याती झाली आहे ती स्वच्छतेसाठी. केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१७ पासून २०२३ पर्यंत सलग सात वेळा इंदूरने प्रथम क्रमांक मिळविला. त्यांपैकी २०२३ सालचा मान त्याने सुरतेबरोबर वाटून घेतला.

हे यश अनेक गोष्टींचे फलित आहे. गाड्या वेळेवर आल्या, सफाई कामगारांनी कष्ट केले, नियम मोडणाऱ्यांना दंड झाला. परंतु या सर्वांबरोबर आणखी एक गोष्ट दररोज घडत होती. कचरा गोळा करणारी गाडी गल्लीत शिरे ती गाणे वाजवीत. दाराशी गाणे ऐकू आले की घरातील माणसे कचऱ्याचे डबे घेऊन बाहेर येत. तेच गाणे रोज ऐकून लहान मुलांच्याही तोंडी बसले. ओला कचरा वेगळा आणि सुका वेगळा ठेवावा, ही गोष्ट लोकांना आज्ञा वाटेनाशी झाली आणि ती त्यांची सवय बनली.

प्रचाराचा माणसाच्या वागण्यावर काही परिणाम होत नाही, असे म्हणणारे लोक आहेत. त्यांना इंदूरची एक सकाळ दाखवावी. मात्र या अनुभवाला दुसरीही बाजू आहे. पुनःपुन्हा कानी पडणारे गाणे आणि पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणारे चित्र जर चांगली सवय लावू शकते, तर तेच साधन वाईट सवयही लावू शकते. मद्याच्या जाहिरातींचा आणि तरुणांचा विचार करताना हे सूत्र प्रथम ध्यानी घेतले पाहिजे.

शिकावयास आलेला मुलगा

इंदूर हे आज शिक्षणाचे मोठे केंद्र आहे. १९६४ साली स्थापन झालेले विद्यापीठ, १९९६ साली सुरू झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था, २००९ साली आलेली भारतीय तंत्रज्ञान संस्था आणि स्पर्धा परीक्षांचे असंख्य शिकवणी वर्ग यांमुळे माळवा व निमाड या भागांतील हजारो मुले-मुली येथे येतात. भंवरकुआ परिसरात अशा विद्यार्थ्यांच्या भाड्याच्या खोल्या जागोजाग आढळतात. खरगोन, बडवानी, धार, झाबुआ येथील खेड्यांतून सतरा-अठरा वर्षांचा मुलगा प्रथमच घर सोडून येतो. आई-वडिलांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे पाठविलेले असतात. शहरात त्याला ओळखणारे कोणी नसते आणि विचारणारेही कोणी नसते.

या मुलाने दारू कधी पाहिलेली नसते असे समजणे चुकीचे आहे. त्याने ती गावात पाहिलेली असते. मोहाच्या दारूचा वास त्याला माहीत असतो. आठवड्याच्या बाजाराहून रात्री झोकांड्या खात परतणारा शेजारी, त्याची वाट पाहत ओट्यावर बसलेली बायको, सावकाराकडे गेलेली चांदीची जोडवी, हे सर्व त्याने जवळून पाहिलेले असते. एवढे पाहूनही तो शहरात आल्यावर दारूकडे का वळतो, हाच खरा अभ्यासाचा प्रश्न आहे.

याचे उत्तर असे की, शहरात तीच दारू त्याला दुसरा वेष घेऊन भेटते. तेथे तिच्याभोवती दिव्यांचा झगमगाट असतो, संगीत असते, क्रिकेटचे सामने असतात, उत्तम कपडे घातलेली हसरी माणसे असतात. तेथे कोणी झोकांड्या खात नाही, कोणाची बायको रडत नाही, कोणाचे शेत विकले जात नाही. गावातील दारू आणि जाहिरातीतील दारू या एकच आहेत, हे त्याच्या लक्षात येऊ नये, यासाठी पुष्कळ पैसा खर्च झालेला असतो. दारूला तिच्या परिणामापासून वेगळे करून दाखविणे, हे जाहिरातीचे मुख्य कार्य होय.

आणखी एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. भिल्ल, भिलाला आदी समाजांत मोहाची दारू सण, विवाह, देवाचा नैवेद्य अशा प्रसंगांशी जोडलेली आहे. तिच्यामुळेही घरे उद्ध्वस्त झाली आहेत, हे नाकारता येत नाही. परंतु चालीरीतींनी तिला काही वेळ-काळ नेमून दिलेला होता. जाहिरातीच्या दारूला मात्र पंचांग नाही. तिच्या दृष्टीने परीक्षा संपली तरी प्रसंग, नापास झाले तरी प्रसंग, सामना जिंकला तरी आणि हरला तरीही प्रसंगच असतो.

मागच्या दाराने येणारी जाहिरात

मद्याच्या जाहिरातीस या देशात कायद्याने मोकळीक नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शन यांच्या जाहिरात-संहितांनी मद्याची जाहिरात वर्ज्य मानली. १९९० नंतर उपग्रहावरून खाजगी वाहिन्या घरोघरी पोहोचल्या. त्यांच्यासाठी १९९४ साली केबल दूरचित्रवाणी नियम करण्यात आले आणि २००० साली त्यांत दुरुस्ती होऊन मद्य, तंबाखू आदींची प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष जाहिरात दाखविण्यास मनाई झाली.

समोरचे दार बंद झाल्यावर व्यापाराने मागचे दार शोधले. मद्याचे जे नाव, जे बोधचिन्ह, जो रंग, तेच नाव, तेच चिन्ह आणि तोच रंग सोड्याच्या बाटलीवर, पिण्याच्या पाण्यावर आणि गाण्यांच्या तबकड्यांवर आले. जाहिरात सोड्याची, परंतु पाहणाऱ्याच्या मनात उभी राहणारी वस्तू निराळी. हिला छद्म जाहिरात असे म्हणता येईल. २००८ साली इंडियन प्रीमियर लीग ही क्रिकेट स्पर्धा सुरू झाली, तेव्हा बंगळूरच्या संघाला 'रॉयल चॅलेंजर्स' हे नाव मिळाले. ते त्यावेळच्या मालक उद्योगसमूहाच्या एका व्हिस्कीच्या नावावरून घेतलेले होते. संघाचा जयजयकार करणाऱ्या शाळकरी मुलांना त्या नावाचा उगम ठाऊक असण्याचे कारण नव्हते. नाव मात्र त्यांच्या तोंडी बसले, आणि जाहिरातीला तेवढे पुरते.

९ जून २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. ज्या वस्तूची जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे तिची जाहिरात दुसऱ्या वस्तूच्या आडून करण्यास त्यांत स्पष्ट मनाई आहे. ही तत्त्वे सर्व प्रकारच्या माध्यमांना लागू आहेत. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल प्रथम दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा अपराध घडल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

गडकऱ्यांनी दाखविलेला तळीराम

मराठी वाचकाला या विषयाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' हे नाटक १९१९ साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातील सुधाकर हा बुद्धिमान व मानी वकील. तो दारूच्या दुकानात आपण होऊन जात नाही. न्यायालयातील अपमानाने तो खचलेला असताना तळीराम त्याच्यापुढे प्याला धरतो, दुःखावरील तात्पुरता उपाय म्हणून. पुढे संसाराची जी धूळधाण होते ती सर्वांस ठाऊक आहे.

तळीराम हा त्या नाटकातील जाहिरातच आहे, असे म्हटले तरी चालेल. तो दारूची चव वर्णन करीत बसत नाही. समोरच्या माणसाची दुखरी जागा कोणती, हे तो ओळखतो. आजची जाहिरात हेच करते. एकट्या मुलाला ती मित्र देऊ करते, भित्र्याला धीर, गावाकडून आलेल्याला शहरीपणा आणि पोराला पुरुषपणा. फरक एवढाच की, तळीराम एका सुधाकरापाशी बसे, तर आज प्रत्येक तरुणाच्या खिशातील मोबाईलमध्ये एक तळीराम आहे आणि तो रात्री दोन वाजताही जागाच असतो.

चित्रपट आणि गाणी यांचाही येथे विचार केला पाहिजे. केंद्र शासनाने १९९१ साली चित्रपट परीक्षणासाठी घालून दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत, मद्यपानाचे समर्थन किंवा गौरव करणारी दृश्ये दाखवू नयेत, असे म्हटले आहे. तरीही पडद्यावर एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत इशारा आणि उरलेल्या पडद्यावर नायकाच्या हातात प्याला, असे चित्र वारंवार दिसते. नोव्हेंबर २०२४ मध्ये एका लोकप्रिय पंजाबी गायकाच्या हैदराबाद येथील कार्यक्रमापूर्वी, मद्याचा गौरव करणारी गाणी गाऊ नयेत, अशी नोटीस तेलंगणातील जिल्हा अधिकाऱ्यांनी दिली होती. त्याच दौऱ्यातील कार्यक्रम ८ डिसेंबर २०२४ रोजी इंदूर येथे झाला. एका राज्यात नोटीस निघते, तर तेच गाणे दुसऱ्या राज्यात आणि प्रत्येकाच्या मोबाईलवर वाजत राहते. वराती व मिरवणुकी यांतही ते वाजते. ध्वनिवर्धकापुढे नाचणाऱ्यांत आठ-दहा वर्षांची मुले असतात, याकडे मोठ्या माणसांचे लक्ष क्वचितच जाते.

संशोधन काय सांगते

जाहिरात पाहिली आणि मुलाने लगेच बाटली उचलली, असे घडत नाही. परिणाम सावकाश होतो आणि म्हणूनच तो दिसत नाही. तो मोजण्यासाठी संशोधक त्याच मुलांचा काही वर्षे पाठपुरावा करतात. ज्यांच्या दृष्टीस मद्याच्या जाहिराती आणि मद्यपानाची दृश्ये अधिक पडली, त्यांच्यात पुढे काय घडले, हे पाहिले जाते. अशा तेरा अभ्यासांचा एकत्रित आढावा २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यांत एकूण ३८,००० हून अधिक तरुणांचा समावेश होता. जाहिराती व माध्यमे यांच्या संपर्कामुळे मद्यपानास प्रारंभ करण्याची आणि आधीच पिणाऱ्यांनी अधिक पिण्याची शक्यता वाढते, असा निष्कर्ष त्यातून निघाला. २०१७ साली झालेल्या पुढील आढाव्यानेही याच दिशेकडे बोट दाखविले.

घरची परिस्थिती, मित्रमंडळी, दुकानाचे अंतर, हातातील पैसा ही कारणेही तितकीच खरी आहेत. जाहिरात हे एकमेव कारण नव्हे. परंतु इतर कारणांनी तयार झालेल्या जमिनीत ती बी पेरते.

तरुण वयातच ही पेरणी का होते, यालाही कारण आहे. माणसाच्या मेंदूची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू असते. पुढचा विचार करणे, मनाला आवर घालणे ही कामे करणारा मेंदूचा भाग सर्वांत शेवटी परिपक्व होतो. मद्यपान जितक्या लहान वयात सुरू होते तितका पुढे व्यसन जडण्याचा धोका अधिक असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मद्याचा समावेश कर्करोगास कारण ठरणाऱ्या पदार्थांत केला. कोणतेही प्रमाण आरोग्यास निर्धोक म्हणता येत नाही, असे संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. 'थोडी घेतली तर काय होते' या नित्याच्या प्रश्नाचे उत्तर शास्त्राने असे दिलेले आहे.

'सगळेच घेतात' हे असत्य

खोलीत चार मित्र जमले आहेत, कोणाचा तरी वाढदिवस आहे, अशा वेळी नको म्हणणाऱ्या मुलापुढे एकच वाक्य टाकले जाते : सगळेच घेतात. त्या क्षणी मुलाजवळ उपदेश उपयोगी पडत नाही. माहिती उपयोगी पडते.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशातील १० ते ७५ वर्षे वयोगटात १४.६ टक्के लोक मद्य घेतात. याचा अर्थ शंभरांपैकी पंच्याऐंशी माणसे घेत नाहीत. केवळ पुरुषांचा विचार केला तरी प्रमाण २७.३ टक्के आहे, म्हणजे दहांपैकी सात पुरुष मद्यापासून दूर आहेत. स्त्रियांत हे प्रमाण १.६ टक्के आहे.

तरीही संख्या लहान म्हणून प्रश्न लहान ठरत नाही. १४.६ टक्के म्हणजे सुमारे सोळा कोटी माणसे, आणि त्यांपैकी पाच कोटींहून अधिक लोकांना मद्यपानामुळे मदतीची आवश्यकता आहे, असे त्याच अहवालात नमूद आहे. परंतु तरुणाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. जाहिरात, चित्रपट आणि गाणी पाहून त्याला वाटते की, न पिणारा तो एकटाच. वस्तुस्थिती अशी की, बहुसंख्य लोक त्याच्याच बाजूचे आहेत. हे ज्याला ठाऊक आहे त्याला नाही म्हणणे सोपे जाते.

कायदा आणि त्याची मर्यादा

मादक पेये व आरोग्यास हानिकारक अमली पदार्थ यांच्या सेवनास, औषधी कारण वगळता, प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे भारतीय संविधानाच्या ४७ व्या अनुच्छेदात सांगितले आहे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या २४ व्या कलमाने मद्याच्या जाहिरातीस बंदी केली. मध्य प्रदेश शासनाने १ एप्रिल २०२३ पासून मद्याच्या दुकानांना जोडलेले अहाते, म्हणजे बसून पिण्याच्या जागा, बंद केल्या आणि शाळा-महाविद्यालये, मुलींची वसतिगृहे व धर्मस्थळे यांपासून दुकानाचे किमान अंतर ५० मीटरवरून १०० मीटर केले. १ एप्रिल २०२५ पासून उज्जैन, ओंकारेश्वर आणि अहिल्यादेवींचे महेश्वर यांसह अनेक धार्मिक स्थळी मद्यविक्री बंद करण्यात आली. बालकास मद्य देणाऱ्यास बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७७ व्या कलमान्वये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही पावले महत्त्वाची आहेत. तथापि, दुकान शंभर मीटर दूर नेता येते, मोबाईल मात्र मुलाच्या उशाशी असतो. शिवाय मद्यावरील कर हे अनेक राज्यांच्या उत्पन्नाचे मोठे साधन आहे, ही अडचणही प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. फ्रान्सने १९९१ साली आणि श्रीलंकेने २००६ साली जाहिरातींवर कडक निर्बंध घातले, त्या देशांनाही छद्म जाहिरातींशी झगडावे लागते. म्हणून कायद्याच्या जोडीला शिक्षणाची आवश्यकता आहे.

शाळा, घर आणि गाव

शिक्षकांनी आठवी ते बारावीच्या वर्गांत जाहिरात वाचावयास शिकवावे. एखादे चित्र किंवा गाणे घेऊन मुलांना चार प्रश्न विचारावेत. ही जाहिरात कोणाच्या पैशाने झाली? ती कोणाला उद्देशून आहे? ती वस्तूऐवजी कोणते सुख विकते? आणि तिने काय दाखविलेले नाही? चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा होय. त्याचे उत्तर खेड्यातील मुले शहरी मुलांपेक्षा अधिक चांगले देतील, कारण न दाखविलेली गोष्ट त्यांनी आपल्या गल्लीत पाहिलेली असते.

पालकांनी मुलाला दुकानावर बाटली आणावयास पाठवू नये, हे सांगण्याची वेळ यावी हेच दुर्दैव होय. मुलगा शहरी शिकावयास निघाला की पैशांचा हिशोब सर्वच घरांत होतो. त्याच वेळी या विषयावरही मोकळेपणाने बोलावे. धमकीपेक्षा एक आश्वासन अधिक उपयोगी पडते : चूक झाली तर प्रथम घरी सांग, घराचे दार बंद होणार नाही.

गणेशोत्सव मंडळे, यात्रा समित्या आणि क्रीडा मंडळे यांनी मद्याच्या नावाशी संबंधित प्रायोजक नाकारावेत आणि मिरवणुकीतील गाणी आधीच ठरवावीत. ग्रामसेवक, मुख्याध्यापक व इतर अधिकारी यांनी छद्म जाहिरात आढळल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि लोकांनाही तसे सांगावे. ज्यांना व्यसन जडले आहे त्यांच्यासाठी केंद्र शासनाची १४४४६ ही निःशुल्क दूरध्वनी सेवा आहे. व्यसनी माणूस हा रुग्ण आहे. त्याची निंदा करून मुलांना धडा मिळत नाही. तो उपचार घेऊन बरा झालेला दिसला तर मिळतो.

इंदूरच्या नागरिकांना कचरा वेगळा करण्याची सवय एका दिवसात लागली नाही. रोज सकाळी गाडी आली, रोज गाणे वाजले आणि रोज डबा पुढे आला. जाहिरातीतील खरे आणि खोटे वेगळे करण्याची सवयही तशीच लागेल. तिच्यासाठी वर्षातून एक दिवस फेरी काढणे पुरेसे नाही. शाळेत, घरी आणि चावडीवर ती गोष्ट वारंवार बोलली गेली पाहिजे. खेड्यातून शहराकडे निघालेल्या मुलाच्या पिशवीत आई भाकरी बांधून देते. तिच्याबरोबर एवढी जाण बांधून दिली, तर खोलीतील त्या वाढदिवसाच्या रात्री तो एकटा पडणार नाही.

चर्चेसाठी प्रश्न

१. गावात पाहिलेली दारू आणि जाहिरातीत दिसणारी दारू यांत कोणता फरक दाखविला जातो? का?

२. छद्म जाहिरात म्हणजे काय? आपल्या परिसरातील एखादे उदाहरण शोधा.

३. शंभर लोकांपैकी किती जण मद्य घेत नाहीत? हे माहीत असल्याने तरुणास कोणती मदत होईल?

४. आपल्या गावातील उत्सवात व वरातीत कोणती गाणी वाजतात? त्यांविषयी ग्रामसभेत कोणता निर्णय घेता येईल?